बाबासाहेबांचा अधीक्षक आणि आजचा आयोग

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ साली अस्तित्वात आला. पण सरकारवर नजर ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा कशी असावी, याचा आराखडा बाबासाहेबांनी त्याआधी सेहेचाळीस वर्षे मांडला होता. तो समोर ठेवला, की आजच्या आयोगात नेमके काय उणे आहे ते कळते.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने सिद्ध केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी अल्पसंख्याकांसाठी एक अधीक्षक मागितला. अस्पृश्यांना त्यांनी अल्पसंख्याकांतच धरले होते. या अधीक्षकाचा दर्जा ऑडिटर जनरलसारखा. त्याला दूर करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच. सरकारने वा अधिकाऱ्यांनी संरक्षणे मोडली, जातीय पक्षपातामुळे न्याय डावलला गेला, तर त्याने ते वार्षिक अहवालात नोंदवायचे. आणि त्या अहवालावरील चर्चेला विधिमंडळात वेळ देणे सरकारवर बंधनकारक!

१९५० च्या घटनेत ३३८ व्या कलमाने ‘विशेष अधिकारी’ आला. त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवायचा, एवढेच उरले. चर्चेचे बंधन गळाले. १९९० च्या पासष्टाव्या घटनादुरुस्तीने अधिकाऱ्याच्या जागी आयोग आणला. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला मिळाले. मात्र हे अधिकार चौकशीपुरतेच आहेत, आयोगाला मनाई हुकूम देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले.

१९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा याच साच्यातला. तेराव्या कलमाने चौकशीचे अधिकार भक्कम दिले. अठराव्याने निकालाच्या जागी शिफारस ठेवली. आयोग नुकसानभरपाई सुचवील, खटला भरा म्हणेल, फार तर उच्च वा सर्वोच्च न्यायालयात जाईल. केंद्राच्या सशस्त्र दलांविरुद्ध तक्रार असेल तर एकोणिसाव्या कलमाप्रमाणे त्याने केंद्र सरकारकडूनच अहवाल मागवायचा. छत्तिसावे कलम सांगते, की घटनेला वर्ष उलटले तर चौकशी नाही. गावात बहिष्कार, पोलीस चौकीत टोलवाटोलवी, तडजोडीसाठी दडपण. यात वर्ष कसे सरते हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. अनुसूचित जाती आयोगाचे अध्यक्ष या आयोगाचे पदसिद्ध सदस्य आहेत खरे, पण तक्रारींची चौकशी हे बाराव्या कलमातील पहिले काम तेवढे त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. याला योगायोग कसे म्हणावे?

म्हणून आयोगाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. तक्रारीला फी लागत नाही, ती मराठीतून करता येते. फक्त ती तारीखवार आणि वर्षाच्या आत गेली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे विसावे कलम आहे. आयोगाचा अहवाल सभागृहापुढे ठेवताना, शिफारस नाकारली असेल तर कारणे देणे सरकारला भाग आहे. ती कारणे मागवून वाचली पाहिजेत, आपापल्या खासदाराला त्यांवर बोलते केले पाहिजे. जे बंधन बाबासाहेबांनी १९४७ साली कायद्यात मागितले, ते कायद्यात येईपर्यंत चळवळीनेच सरकारवर घातले पाहिजे.