नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्राचा ठसा: सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून जोगलटेंभीची नाणी

(१/१६) 🧵
चांदीचे एक नाणे. व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर, वजन सुमारे २ ग्रॅम. नुसत्या डोळ्यांना त्यावर रेघांचा गुंता दिसतो. तोच पृष्ठभाग दहापट मोठा करून पाहिला, की गुंत्यातून दोन राजे वेगळे होतात. हे दोन थर छायाचित्रात कसे टिपतात आणि त्यांवरून इतिहास कितपत सिद्ध होतो, ते या थ्रेडमध्ये पाहू.

(२/१६)
१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. नाणी १३,०००हून अधिक, आणि सारी मूळची क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला.

(३/१६)
नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचा चेहरा व भोवती ग्रीक लिपीतील लेख. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. लिप्या तीन, पण आशय एकच: हे नाणे राजा क्षहरात नहपानाचे. गौतमीपुत्राच्या ठशात एकीकडे तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नागमोडी रेघ व ब्राह्मीत राजाचे नाव. दुसरीकडे ‘उज्जयिनी चिन्ह’.

(४/१६)
महत्त्वाची गोष्ट अशी, की ही नाणी वितळवून नव्याने पाडलेली नाहीत. जुन्या नाण्यावरच नवा ठसा ठोकला गेला. ठशाचा दाब जेथे पुरता पोचला, तेथे जुने उठाव चेपले गेले. जेथे तो कमी पडला, तेथे जुने अवशेष राहिले: कुठे नहपानाचे नाक, कुठे केसांच्या रेषा, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे.

(५/१६)
मग आधीचा ठसा कोणता आणि नंतरचा कोणता, हे ठरवायचे कसे? दोन्हींच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे पाहायचे. टेकडीची कमान सलग गेली असेल आणि तिच्याखाली ग्रीक अक्षर चेपून तुटले असेल, तर टेकडी नंतरची. हा छेद अनेकदा मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो. म्हणूनच येथे मोठ्या वर्धनाची गरज लागते.

(६/१६)
नेहमीची मॅक्रो लेन्स बहुधा १:१ पर्यंत जाते, म्हणजे सेन्सरवरील प्रतिमा वस्तूएवढीच. त्यापुढे जाण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूकडील भिंग, थेट कॅमेऱ्याला जोडता येते. फुल फ्रेम सेन्सरवर ४ पट वर्धनात ९ × ६ मिमी एवढा भाग मावतो, १० पट वर्धनात ३.६ × २.४ मिमी. म्हणजे एखाद-दुसरे अक्षर संपूर्ण चौकट व्यापते.

(७/१६)
नाण्यावरील लेखाप्रमाणे या भिंगावरचा लेखही वाचता आला पाहिजे. ‘१०/०.२५’ म्हणजे १० पट वर्धन आणि ०.२५ न्यूमरिकल अपर्चर. ‘१६०/०.१७’ म्हणजे १६० मिमी नळीची लांबी आणि ०.१७ मिमी जाडीची काचपट्टी गृहीत धरून केलेली रचना. नाण्यावर काचपट्टी नसते. पण ४ किंवा १० पट वर्धनाच्या भिंगांत त्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

(८/१६)
१६० ऐवजी अनंताचे चिन्ह (∞) असेल, तर ते भिंग एकट्याने सेन्सरवर प्रतिमा उमटवत नाही. त्याच्यामागे आणखी एक लेन्स लागते. ही लेन्स २०० मिमीची धरून ज्या भिंगांचे वर्धन ठरवलेले असते, त्यांच्यामागे कॅमेऱ्याची २०० मिमी टेलिफोटो लेन्स अनंतावर फोकस करून लावली, की छापलेले वर्धन मिळते. १०० मिमीची लावल्यास ते निम्मे होते.

(९/१६)
खरी अडचण खोलीची आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीला न्यूमरिकल अपर्चरच्या वर्गाने भागले, की एका वेळी किती जाडीचा थर स्पष्ट दिसेल याचा अंदाज येतो. हिरव्या प्रकाशासाठी (०.५५ मायक्रॉन) ०.१० अपर्चरला हा थर सुमारे ५५ मायक्रॉन, तर ०.२५ ला जेमतेम ९ मायक्रॉन असतो. नाण्याचा उठाव अर्धा मिलिमीटर धरला, तरी तो ५०० मायक्रॉन झाला!

(१०/१६)
त्यावर उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा सूक्ष्म पायऱ्यांनी पुढे सरकवत एकामागून एक छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग संगणकावर एकत्र करायचे. वरच्या उदाहरणात १० पट वर्धनाला किमान ५५-६० छायाचित्रे लागतील, ४ पटीला १०-१५. दीड सेंटिमीटरच्या नाण्याची एक संपूर्ण बाजू ४ पटीने टिपायची, तर अशा सुमारे १२ तुकड्यांची जोडणी करावी लागेल.

(११/१६)
प्रकाशाचे महत्त्व भिंगाइतकेच आहे. समोरून सरळ पडलेल्या प्रकाशात चांदी चकाकते आणि उठाव हरवतात. बाजूने, पृष्ठभागालगत येणारा तिरपा प्रकाश चेपलेल्या अक्षरालाही सावली देतो. चांदीची चकाकी मऊ करण्यासाठी मध्ये ट्रेसिंग पेपर धरला, तरी काम भागते.

(१२/१६)
येथे एक सावधगिरी हवी. आपला डोळा प्रकाश वरून येतो असे गृहीत धरतो. तो खालून दिल्यास उठाव खोलगट भासतो आणि छेदाचा अर्थ उलटा लागू शकतो. रेषेला समांतर आलेल्या प्रकाशात तर ती रेषा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून एकाच जागेची निदान चार दिशांनी प्रकाश देऊन छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकासोबत प्रकाशाची दिशा व मोजपट्टी नोंदवावी.

(१३/१६)
अशा छायाचित्रांत इतरही पुरावे उलगडतात. नाण्यावरील उठावदार वेडीवाकडी रेघ बहुधा मूळ ठशालाच गेलेला तडा दाखवते. तोच तडा दुसऱ्या नाण्यावर सापडला, तर दोन्ही एकाच ठशाची. खोल गेलेली रेघ मात्र नंतरचा ओरखडा असू शकते. ओतीव बनावट नाण्यावर अनेकदा हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे आढळतात.

(१४/१६)
आता मर्यादा पाहू. भिंग क्रम सांगते, साल सांगत नाही. नहपानाच्या या नाण्यांवर वर्ष नाही. हेतूही छायाचित्रात उमटत नाही: हा विजयाचा जाहीरनामा होता, की हाताशी असलेली चांदी झटपट चलनात आणण्याची सोय? दोन्ही शक्य आहेत. उत्तरासाठी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांकडे वळावे लागते.

(१५/१६)
पांडवलेण्यांतील क्र. ३ च्या लेण्यात गौतमीपुत्राच्या १८व्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्यात तो भिक्षूंना जे शेत देतो, ते पूर्वी उषवदाताच्या ताब्यात होते; उषवदात हा नहपानाचा जावई. त्याच लेण्यात पुळुमावीच्या १९व्या वर्षी कोरलेला गौतमी बलश्रीचा लेख तिच्या पुत्राने क्षहरातांचा वंश निपटून काढल्याचे सांगतो. लेख राजपक्षाचे आहेत, त्यात स्तुती असणारच. पण सत्तांतराचा क्रम नाण्यांवरील छेदही स्वतंत्रपणे तोच दाखवतो.

(१६/१६)
एका नाण्यातून क्रम कळतो. सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर नवा ठसा होता, हे मात्र निधी एकत्र मोजला गेला म्हणूनच कळले. निधी विखुरला, की हे प्रमाण कायमचे हरवते. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, ते याही कारणाने मोलाचे. आणि संग्रहातील जुने नाणे चिंच, लिंबू वा टूथपेस्टने घासू नका. घासण्याने काळेपणासोबत चेपलेल्या अक्षराची उरलीसुरली कडही जाते, आणि मग दहा पट भिंगाखालीही तेथे वाचण्याजोगे काही उरत नाही.

तुमच्या जवळच्या संग्रहालयात नहपानाचे पुनर्मुद्रांकित नाणे असेल, तर आधी त्याची कड पाहा आणि तेथे कोणते ग्रीक अक्षर दिसते ते खाली जरूर लिहा.
#मराठी #इतिहास #नाणकशास्त्र