करुणापर अभंग

दीर्घकाळच्या दुःखातही विठ्ठलाच्या मायेवरचा भरवसा न सोडता त्यालाच आर्त हाक घालणारी वारकरी संतांची अभंगरचना.

उगम : नामदेव (१२७०–१३५०), जनाबाई व चोखामेळा यांच्या अभंगांत ही परंपरा ठळक दिसते. चोखोबांचे दुःख जन्मभराचे होते. ज्याला माउली म्हणायचे, त्याच्याच मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता (पहा : चोखामेळा). त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. पुढे याच परंपरेतील तुकारामांनी १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी व मुलगा गमावला; व्यापारही बुडाला (पहा : तुकाराम).

वैशिष्ट्ये : देव येथे न्यायाधीश नसून आई असतो. माहेरच्या वाटेकडे डोळे लावलेली सासुरवाशीण, आईसाठी रडणारे तान्हे मूल अशा प्रतिमा वारंवार येतात. भरवसा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. तक्रार, रुसवा, भांडणही त्यात येते आणि तेच या रचनेचे मर्म होय. रामदासांची करुणाष्टके भावाने जवळची, छंदाने वेगळी (पहा : करुणाष्टके).

महत्त्व : भजन, कीर्तन व वारी यांतून ही रचना जिवंत राहिली आहे. ज्येष्ठ वद्य पक्षात आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी दिघी, विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते (पहा : पालखी सोहळा). विश्रांतवाडीच्या रस्त्यावर त्या दिवशी वीणेकरी, टाळकरी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया अभंग म्हणत चालतात.