सेल्युलायटिस
त्वचा व तिच्याखालील ऊतींचा जंतुसंसर्ग. तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकस, कधी स्टॅफिलोकॉकस जीवाणूंमुळे होतो. जळगाव-धुळ्याच्या कापूस व केळीच्या शेतांत अनवाणी वावरणाऱ्यांना बाभळीचा काटा, टाचेची भेग किंवा पावसाळ्यातील चिखल्या एवढी वाटही जंतूंना पुरते. चिखल्यांकडे होणारे दुर्लक्ष विशेष घातक. मधुमेह, हत्तीपाय आणि पायावरची जुनी सूज यांमुळे धोका वाढतो.

बहुधा एकच पाय लाल, गरम, सुजलेला व दुखरा होतो, ताप येतो. लाली वाढते का हे कळण्यासाठी तिच्या कडेने पेनाने रेघ मारावी. पाय उंच ठेवावा. जखमेवर शेण, चुना वा पाल्याचा लेप लावू नये. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि मध्येच सोडू नयेत. चिखल्यांवरही उपचार करावेत, नाहीतर दुखणे उलटते.

लाली झपाट्याने पसरणे, थंडी वाजून ताप, असह्य वेदना, फोड, काळी पडणारी त्वचा, ग्लानी किंवा डोळ्याभोवती सूज दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी साध्या लालीतही थांबू नये. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.