जुनें कर्ज आणि नवें खत

कर्ज जुनें झालें म्हणजे तें बुडालें, अशी एक समजूत. आणि कर्ज सात पिढ्या सुटत नाहीं, अशी दुसरी. आपल्या समाजांत या दोन्ही शेजारीं शेजारीं नांदतात, आणि वसुलीदार दारांत उभा राहिला म्हणजे बहुधा दुसरीचाच जय होतो. नागपुरांतील आमच्या एका स्नेह्यांस अशाच एका फार जुन्या कर्जाचा तगादा गेल्या वर्षीं लागला. वसुलीदारानें पैसे मागितले नाहींत. "एवढ्या कागदावर सही तेवढी करा," इतकेंच तो म्हणाला. ही विनंती निरुपद्रवी वाटते. तिचा इतिहास मात्र तसा नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रानें कर्जाला मर्यादा घातली ती मुख्यतः रकमेची. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतींतही आढळतो. इंग्रजी राज्यानें भर दिला तो काळाच्या मर्यादेवर. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावर दावा लावण्यास तीन वर्षें ठेवलीं. जुनाट दाव्यांपासून ऋणकोचें रक्षण व्हावें, हा त्यांतील हेतु.

घडलें तें निराळेंच. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकाराचा माणूस येई आणि म्हणे, पैसे दे, नाहीं तर नवें खत करून दे. कुळाजवळ पैसे नसत. तें अंगठा देई. दरसाल शेंकडा २४ व्याजाचे १०० रुपये तीन वर्षांनीं १७२ होत. नव्या खतांत तेच मुद्दल ठरे, आणि आणखी तीन वर्षांनीं रक्कम २९६ च्या घरांत जाई. दामदुपटीनें ती २०० वर थांबावयाची. पण व्याजाचेंच मुद्दल झाल्यावर तो बांधही फुटे. काळाची आणि रकमेची, दोन्ही मर्यादा एकाच अंगठ्यानें नाहींशा होत.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, तेव्हां कुळांनीं मुख्यतः खतें व हुकूमनामे हिसकावून जाळले, तें याचमुळें. पुढें १८७९ च्या शेतकऱ्यांच्या कायद्यानें खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचें काम कोर्टांवर सोंपविलें, आणि मुदत साध्या खतास सहा व नोंदलेल्या खतास बारा वर्षें केली. मुदत वाढविणें हेंच कुळाच्या हिताचें ठरलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आमच्या मध्यप्रांतानें १९३३ सालीं कर्जतडजोडीचा कायदा करून आणखी एक पाऊल टाकलें. मंडळाची नोटीस निघाल्यावर सावकारानें ठरल्या दिवसांत कर्जाचा तपशील सादर केला नाहीं, तर तें कर्ज फिटलें असें समजलें जाई. हिशेब मांडण्याचा भार मागणाऱ्यावर आला.

आजही १९६३ च्या कायद्याप्रमाणें साध्या कर्जास मुदत तीनच वर्षांची आहे. मुदतीच्या आंत दिलेली लेखी कबुली नवी मुदत सुरू करते. आणि मुदत संपल्यावरही ऋणकोनें सहीनिशीं फेडीचें वचन दिलें, तर १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या २५ व्या कलमानें तें बंधनकारक होतें. म्हणजे वसुलीदारास ती सही पैशाहून मोलाची कां, हें कळून येईल.

घेतलेलें परत करावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु काय घेतलें आणि काय फेडलें, हें आधीं कळलें पाहिजे. आमच्या स्नेह्यांनीं सहीपूर्वीं मूळ कागद व हिशेब मागितला. तो अद्याप आलेला नाहीं.