क्लाविस

क्लाविस : ‘किल्ली’ या अर्थाचा लॅटिन स्त्रीलिंगी शब्द. ‘बंद करणे’ या अर्थाचे क्लाउदेरे, ‘खिळा’ या अर्थाचा क्लावुस आणि ग्रीक क्लेइस हे त्याचे सगोत्र. लॅटिनपासून निघालेल्या भाषांत त्याची रूपे अशी : इटालियन क्यावे, फ्रेंच क्ले, कॅटलान क्लाउ, स्पॅनिश ल्यावे, रुमानियन केये, पोर्तुगीज शाव्ह. मूळ अर्थ सगळीकडे टिकला, भर मात्र वेगवेगळी पडली. स्पॅनिशमध्ये तो नळाची तोटी आणि कुस्तीतली पकडही झाला. फ्रेंचमध्ये मिस्त्रीचा पाना, स्वरलिपीच्या आरंभीची खूण आणि कमानीचा मधला दगड यांनाही तोच शब्द लागतो. पोप निवडताना कार्डिनल ज्या बंद दालनात बसतात त्या ‘कॉन्क्लेव्ह’चा मूळ अर्थ किल्लीने बंद होणारी खोली.

मराठीच्या दृष्टीने मात्र या शब्दाच्या अर्थाहून त्याच्या उच्चाराचा इतिहास मोलाचा आहे. लॅटिन शब्दारंभीचे क्ल, प्ल आणि फ्ल हे तिन्ही जोडवर्ण पोर्तुगीजमध्ये च झाले : क्लामारे (हाक मारणे), प्लूविया (पाऊस) आणि फ्लाम्मा (ज्वाळा) या तिन्ही शब्दांची पोर्तुगीज रूपे आज एकाच वर्णाने सुरू होतात. स्पॅनिशमध्ये त्याच जागी ल्य आला, फ्रेंचने मूळ जोडवर्ण राखले. म्हणून मराठी ‘चावी’ पोर्तुगीजांकडूनच आली, हे नुसत्या ऐतिहासिक संबंधावरून नव्हे, ध्वनिनियमावरूनही ठरते. लिंगही लॅटिनपासून मराठीपर्यंत स्त्रीलिंगीच राहिले.

यावर आक्षेप असा की, लिस्बनमध्ये आज ‘शाव्ह’ म्हणतात. मग मराठीत च कुठून आला? मराठीला श परका नाही, त्यामुळे ऐकलेल्या श चा च करण्याचे तिला कारण नव्हते. उत्तर पोर्तुगीजच्याच इतिहासात आहे. 1510 मध्ये गोवा आणि 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, त्या काळी या वर्णाचा उच्चार च असाच होता. प्रमाणभाषेत तो श मध्ये मिसळला तो नंतर. उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत आणि शेजारच्या गॅलिशियनमध्ये च अजून ऐकू येतो. तेव्हा ‘चावी’ हा उच्चार बिघडलेला नाही. मायदेशी मागे पडलेला जुना उच्चार मराठीने आणि कोकणीने जपला आहे, आणि सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजचा पुरावा म्हणून त्याला वजन दिले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नियम सार्वत्रिक असेल, तर क्लावुसचे पोर्तुगीज रूप ‘क्रावु’ (खिळा, तसेच लवंग) कसे? त्यात क्ल चा क्र झाला आहे. पण भाषेत सगळे शब्द एकाच काळी आणि एकाच वाटेने येत नाहीत. लोकांच्या तोंडी अखंड राहिलेल्या शब्दांत च आला, लेखी लॅटिनच्या दबावाखाली राहिलेल्यांत क्र, आणि विद्वानांनी पुढे थेट लॅटिनमधून उचललेल्यांत क्ल जसाच्या तसा राहिला. संगीतातील स्वरचिन्हाला पोर्तुगीज ‘क्लाव्ह’ म्हणतात. तोही क्लाविसच आहे, फक्त ग्रंथांतून परतलेला.