सातवीनंतरची वाट

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या लोकांच्या जवळ आल्या, माध्यमिक शाळा मात्र बऱ्याच गावांपासून लांबच राहिल्या. चौथी-सातवीपर्यंत गावात शिकलेल्या मुलीपुढे पुढचा प्रश्न फीचा कमी आणि रस्त्याचा जास्त होता. मध्ये जंगल, नाले, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटायचा.

निवासी आश्रमशाळा हे त्यावरचे जुने उत्तर. याच भागात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये अशी शाळा काढली. पण लेकीला घरापासून दूर ठेवायला प्रत्येक घर तयार नसते.

राज्याने २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू केले आणि २०११ मध्ये ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांपर्यंत वाढवले. त्याने नेमके अंतरावर बोट ठेवले. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलीला सायकल. त्याहून लांब असेल तर एसटीची खास बस, निळ्या रंगाची. अर्थात बसला रस्ता लागतो, आणि सायकलला निदान पायवाट!

मुलींसाठीच्याच राज्याच्या लेक लाडकी योजनेचा हिशेब निराळा आहे. १ एप्रिल २०२३ पासून पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या घरात जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये. त्यातले ७५,००० अठराव्या वर्षी. म्हणजे पहिल्या लाभार्थी मुलींच्या हाती ही मोठी रक्कम २०४१ मध्ये पडेल. तोवर त्यांनाही आठवीची शाळा गाठायची आहेच.