मापांच्या वर्गवारीची कुळकथा

अंदाजपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर रेघ ओढली की लांबी आपोआप मिळते, आणि त्या मापाला मजला, खोली, कामाचा प्रकार अशा ओळखी जोडता येतात. ही सोय संगणकाने दिली असे वाटते. पण तिचे मूळ ब्रिटनमधल्या क्वांटिटी सर्व्हेअरच्या कागदात आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे संपूर्ण इमारत एकाच कंत्राटदाराला ठरलेल्या रकमेत देण्याची पद्धत रुजली. निविदा भरणाऱ्या प्रत्येकाने तेच नकाशे पुन्हा पुन्हा मोजण्यापेक्षा एकाने सर्वांसाठी मोजावेत, हे सोयीचे ठरले; हा मोजणारा म्हणजेच क्वांटिटी सर्व्हेअर. मापे आधी नकाशावरून, ती कुठली आहेत याच्या नोंदीसह उतरवली जात. मग ॲबस्ट्रॅक्ट नावाच्या गोषवाऱ्यात सारख्या कामांची मापे एकत्र येत. तळमजल्याच्या आणि वरच्या मजल्याच्या भिंती वीटकामाच्या एकाच बाबीखाली जात. शेवटी दर भरण्यासाठी बिल, म्हणजे बाबी आणि त्यांच्या परिमाणांची यादी, तयार होई. मापाची जागा वेगळी आणि त्याचा वर्ग वेगळा, ही या पद्धतीतली खरी बुद्धी. ब्रिटनमध्ये मोजणीचे प्रमाणित नियम 1922 मध्ये छापले गेले. भारतात आयएस 1200 हे मानक 1958 मध्ये आले आणि पुढे मातीकाम, काँक्रीट, वीटकाम असे त्याचे कामनिहाय भाग झाले.

याच कुळात आपल्याकडचे मोजमाप पुस्तकही येते. पण ते झालेल्या कामाचे, तर अंदाजपत्रक व्हायच्या कामाचे. मग दोघांना एका कुळात कसे बसवायचे, असा आक्षेप येईल. पण नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण हे रकाने दोन्हीकडे तेच आहेत, म्हणूनच तर देयक अंदाजपत्रकाशी ताडून पाहता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: त्रिमितीय मॉडेल परिमाण स्वतःच काढते, तर जुनी वर्गवारी कशाला? याचे उत्तर प्लॅस्टरमध्ये आहे. दोन्ही बाजूंना सारखे प्लॅस्टर असलेल्या भिंतीत 1.8 चौरस मीटरची खिडकी असेल, तर आयएस 1200 प्रमाणे वजावट एकाच बाजूची होते आणि खिडकीच्या कडांचे प्लॅस्टर वेगळे धरत नाहीत. खिडकी 3 चौरस मीटरहून मोठी असेल तर वजावट दोन्ही बाजूंची होते, आणि कडाही मोजाव्या लागतात. मॉडेलला भूमिती कळते. हा नियम त्याला कुणीतरी सांगावा लागतो, आणि तो कामाच्या वर्गालाच जोडलेला असतो. वाद उठला की तपासणाऱ्याला बेरीज पुरत नाही, कुठल्या खोलीतली कुठली भिंत हे त्याला पाहावे लागते. म्हणून नुसती बेरीज ठेवून मापाची जागा पुसून टाकणारे सॉफ्टवेअर, कितीही वेगवान असले तरी, अंदाजपत्रकाच्या कामाचे नाही.